समुद्र, वाघ आणि हौद

आपली मराठी प्रवासवर्णनं वाचली की माझं डोकं तडकतं. लेखक फ्रान्सच्या बियारित्झला जातो आणि लिहितो काय? निळा समुद्र, रंगीत छत्र्या, कॉफीचा वास. अरे, ते गाव आधी व्हेल मारणाऱ्या कोळ्यांचं होतं! १८५४-५५ साली तिसऱ्या नेपोलियननं राणीसाठी तिथं वाडा बांधला, मागोमाग दरबारी आले. त्या वाड्याचं आज हॉटेल आहे. कोळ्यांचं काय झालं, हे लेखकाला विचारावंसंही वाटत नाही.

लांब कशाला, आपला ताडोबा घ्या. वाघ दिसला की पानंच्या पानं भरतात. हे नावच मुळी तारूचं, गोंडांच्या देवाचं. वाघाशी झुंजताना मेलेला गावमुखिया तो, असं लोक सांगतात. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. २००७ साली बोटेझरी गाव जंगलातून उठवून भगवानपूरला नेलं. मोहर्लीच्या रिसॉर्टात उतरलेल्या लेखकाच्या वहीत यातलं अक्षर नसतं. गडचिरोलीचा माडिया बांबू तोडतो, त्याचा कागद होतो, कागदावर वाघ छापतात.

बाबासाहेबही सहलीलाच निघाले होते. १९३४ साली वेरूळच्या वाटेवर दौलताबादला थांबले, सोबत तीसेक माणसं. हौदावर हातपाय धुतले तर पाणी बाटवलं म्हणून लोक अंगावर आले. शेवटी किल्ल्यात सोडलं ते पाण्याला शिवू नये म्हणून शिपाई सोबत देऊन. त्यांच्या लिखाणात बुरूज नाहीत, हौद आहे. मी त्याला प्रवासवर्णन म्हणतो.

पुढच्या अंकाला जंगलावर लिहिणार असाल तर वाघ राहू द्या. भगवानपूरला जाऊन बसा, जुन्या गावची विहीर कशी होती ते विचारून आणा.