धाकटीचे राखणे : ‘ओरेगाइरु’मधील कोमाची

सुखात्मिकेच्या संरचनेत राखणदाराचे एक पात्र जवळजवळ अपरिहार्य असते. नॉर्थ्रॉप फ्राय यांनी दाखविल्याप्रमाणे तरुण प्रेमिकांच्या मार्गात वडीलधाऱ्यांपैकी कोणी तरी उभा राहतो आणि त्याचा अडथळा दूर होण्यातूनच सुखान्ताची वाट मोकळी होते. जपानी शालेय प्रेमसुखात्मिकेने मात्र या वडीलधाऱ्यांना बहुधा रंगभूमीबाहेर ठेवले आहे. आईबाप नोकरीत गुंतलेले असतात, परगावी असतात किंवा नुसतेच दिसत नाहीत. राखणदाराची जागा त्यामुळे रिकामी पडते आणि पुष्कळदा ती घरातल्या सर्वांत लहान व्यक्तीकडे, म्हणजे नायकाच्या धाकट्या बहिणीकडे येते. या स्थित्यंतराचा विचार करावयाचा तर वातारी वातारु यांच्या ‘याहारी ओरे नो सेइशुन राबुकोमे वा माचिगात्तेइरु’ या कादंबरीमालेइतके उपयुक्त उदाहरण क्वचितच मिळेल. ‘माझ्या तारुण्याची प्रेमसुखात्मिका, वाटले होते तशी, चुकलेलीच आहे’ असा काहीसा या शीर्षकाचा अर्थ होतो. वाचक तिला ‘ओरेगाइरु’ या संक्षेपाने ओळखतात. शोगाकुकानच्या गागागा बुन्को या मालेत २०११ ते २०१९ या काळात तिचे मुख्य चौदा खंड निघाले आणि २०१३, २०१५ व २०२० अशा तीन पर्वांत तिच्यावरील ॲनिमे मालिका दाखविली गेली.

कथा चिबा शहरातील एका उच्च माध्यमिक शाळेत घडते. हाचिमान हिकिगाया हा एकलकोंडा, कडवट बुद्धीचा विद्यार्थी आपल्या शिक्षिकेच्या हुकमावरून ‘सेवा मंडळा’त दाखल होतो. तेथे त्याची गाठ युकिनो युकिनोशिता आणि युई युइगाहामा या दोघींशी पडते. कोमाची ही त्याची दोन वर्षांनी लहान बहीण अजून माध्यमिक शाळेत आहे. (या पात्रांची नावे कामाकुरा नगरीतील वस्त्यांवरून घेतलेली आहेत, घरातल्या मांजराचे नावही कामाकुराच. कोमाची ही तेथली एक प्रसिद्ध रहदारीची वस्ती, तसेच नवव्या शतकातील कवयित्री ओनो नो कोमाची हिचेही नाव.) वरवर पाहता कोमाचीचे कार्य संस्कृत नाट्यपरंपरेतील दूतीचे आहे. तिसऱ्या खंडात युईसाठी वाढदिवसाची भेट निवडावयास ती भावाबरोबर आणि युकिनोबरोबर बाजारसंकुलात जाते आणि मध्येच नाहीशी होऊन त्या दोघांना एकत्र सोडते. चौथ्या खंडात सुटीतल्या शिबिरासाठी घराबाहेर पडावयास नाखूश असलेल्या भावाला ती फसवूनच बाहेर काढते. या प्रसंगांमुळे तिला ‘जोड्या जुळविणारी खट्याळ बहीण’ या ठरीव साच्यात बसविले जाते. साचा खोटा नाही, पण तो पुरतही नाही.

दूतीला स्वतःचे पूर्ववृत्त नसते. कोमाचीला ते आहे, आणि कादंबरीने ते फार लवकर, दुसऱ्या खंडाच्या ओघात, सांगून टाकले आहे. आईवडील दोघेही नोकरी करणारे. लहानपणी शाळेतून आल्यावर रिकामे घर सहन न होऊन ती एकदा घर सोडून गेली होती. तिला शोधून आणणारा भाऊच होता, आणि तेव्हापासून तो तिच्या आधी घरी पोहोचू लागला. हे ती युकिनो व युई यांच्यासमोर सांगते. हाचिमान लगेच त्याला थट्टेचे वळण देतो: खेळावयास सवंगडी नसल्यामुळे आपण लवकर घरी येत होतो, इतकेच. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, हे या प्रसंगाचे मर्म आहे. भावाचे एकाकीपण आणि बहिणीचे सुरक्षित बालपण एकाच वस्तुस्थितीच्या दोन बाजू आहेत. त्याला सवंगडी असते तर तिच्यासाठी दार उघडणारे कोणी नसते. पुढे कोमाची त्याला माणसांत लोटण्यासाठी जे काही करते त्याचा उगम या जाणिवेत शोधावयास हवा. कादंबरी तसे कोठेही म्हणत नाही. परंतु तिच्या उठाठेवीत जो आग्रह आहे, तो निव्वळ खोडसाळपणाने स्पष्ट होत नाही. हे एका ऋणाचे वर्तन आहे.

दाराचीच आणखी एक गोष्ट या संदर्भात पाहण्यासारखी आहे. उच्च माध्यमिक शाळेच्या पहिल्याच दिवशी एका कुत्र्याला वाचविताना हाचिमानला मोटारीचा अपघात होतो. कुत्रा युईचा, मोटार युकिनोच्या घरची. युई आभार मानावयास मिठाई घेऊन घरी येते, तेव्हा दारात कोमाची असते. मिठाई ती खाऊन टाकते आणि भेटीची हकीकत भावाला सांगतच नाही; एक वर्षानंतर सायकलवर त्याच्या मागे बसून जाताना ती सहज बोलून जाते. जिने पुढे भावासाठी दारे उघडावयाची, तीच प्रथम नकळत दार लावून बसलेली आहे. एका विसरलेल्या मिठाईवर या मालेचा केवढा तरी गुंता उभा आहे, आणि लेखक त्यावर एका वाक्याचेही भाष्य करीत नाही, हे त्याच्या संयमाचे लक्षण मानावयास हरकत नाही.

बहिणीने भावाचे रक्षण करावे ही कल्पना जपानी संस्कृतीत पुरातन आहे. लोकसंस्कृतीचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांच्या १९४० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे नावच ‘इमो नो चिकारा’, म्हणजे ‘बहिणीचे सामर्थ्य’, असे आहे. ओकिनावा बेटांवरील ‘ओनारिगामी’च्या श्रद्धेत बहिणीचा आत्मा भावाचे संरक्षण करतो असे मानले जाई, आणि समुद्रप्रवासास निघालेल्या भावाला बहीण आपले केस किंवा हाताने विणलेले वस्त्र देई. प्राचीन काव्यात ‘इमो’ हा शब्द प्रेयसीसाठीही वापरला जातो. या दुहेरी अर्थाचा सोयीस्कर लाभ आधुनिक प्रेमसुखात्मिकांनी भरपूर घेतला. आदाची मित्सुरु यांच्या ‘मियुकी’ (१९८०–८४) या चित्रकथेत रक्ताचे नाते नसलेली बहीणच अखेर नायिका ठरते. फुशिमी त्सुकासा यांच्या २००८ ते २०१३ मधील एका लोकप्रिय मालेने तर सख्ख्या बहिणीलाच आकर्षणाच्या केंद्रस्थानी आणले. वातारी या वाटेने जात नाहीत. हाचिमान बहिणीविषयी अतिरेकी प्रेमाची बडबड करतो खरा, पण ती या प्रकारातील रूढीचे विडंबन म्हणूनच येते. कोमाची समुद्रावर जाणाऱ्या भावाला वस्त्र देणाऱ्या बहिणीच्या कुळातली आहे. तिचे रक्षण भावाला निरोप देण्यात आहे.

या नात्याचा पोत तिच्या भाषेत दिसतो. सुझुकी ताकाओ या भाषाभ्यासकाने १९७३ मध्ये दाखविले होते की जपानी कुटुंबात थोरल्यांना नात्याच्या शब्दाने आणि धाकट्यांना नावाने हाक मारली जाते. एवढेच नव्हे, घरातील माणसे एकमेकांना पुष्कळदा सर्वांत धाकट्या मुलाच्या दृष्टिकोणातून संबोधितात. धाकटे मूल अधिकाराने शेवटचे, पण संबोधनांच्या रचनेत केंद्रस्थानी असते. कोमाची या स्थानाचा पुरेपूर उपयोग करून घेते. ‘ओनीचान’ (दादा) या संबोधनात ‘गोमी’ म्हणजे कचरा हा शब्द मिसळून ती ‘गोमीचान’ अशी हाक घडविते. हा अपमान दुसऱ्या कोणी केला असता तर हाचिमानने त्यावर चार पृष्ठांचे विषारी स्वगत रचले असते. येथे तो निमूट ऐकतो. स्वतःचा उल्लेख ती तृतीयपुरुषात करते, आणि काही मायेचे बोलून झाले की आपल्या या बोलण्याला चांगले गुण पडले असतील, अशी पुस्ती जोडते. हा गुणांचा लकबी उल्लेख विनोदी खरा, पण तो तिचा मुखवटाही आहे. माया उघडी पडू नये म्हणून तिचा हिशेब मांडावयाचा, ही चतुराई तिने कोणाकडून उचलली हे सांगावयास नको. भाऊही तेच करतो. त्याचा मुखवटा कडवट आहे, तिचा हसरा.

तिच्या रक्षणवृत्तीची खरी कसोटी आठव्या खंडात लागते. क्योतोच्या सहलीत हाचिमानने स्वतःला हास्यास्पद करून घेत एक तिढा सोडविलेला असतो. सेवा मंडळ त्यामुळे मोडकळीस येते. काय झाले असे कोमाची विचारते, तो तिच्यावर खेकसतो, आणि दोघांचे बोलणे बंद होते. मंडळ टिकवावयाचे तर काही करावयास हवे, पण ‘मला हवे आहे’ हे शब्द उच्चारणे या निवेदकाला अशक्य आहे. इच्छा म्हणजे पराभवाची पूर्वतयारी, असे त्याचे तत्त्वज्ञान आहे. अबोला सुटल्यावर कोमाची सारे ऐकून घेते आणि त्याला एक कारण देऊ करते: त्या दोघी तिच्याही मैत्रिणी आहेत, तेव्हा तिच्यासाठी म्हणून त्याने काही तरी करावे. रुसून दार लावून बसलेला थोरला भाऊ आणि त्याला समजावणारी धाकटी बहीण म्हटल्यावर मराठी वाचकाला ताटीचे अभंग आठवल्यावाचून राहणार नाहीत. पण दोन्ही प्रसंगांतील भेद महत्त्वाचा आहे. मुक्ताई भावाला त्याच्या थोरपणाची आठवण देते, तिची वाणी अधिकाराची आहे. कोमाची स्वतः लहान होते. ती मागणारी होते, म्हणजे त्याला देणारा होता येईल. रक्षणाची यापेक्षा सूक्ष्म रीत या कादंबरीप्रकारात दुसरी आढळत नाही.

तरीही ही रीत अपुरी ठरते, आणि ती अपुरी ठरू देण्यात लेखकाची प्रामाणिकता आहे. उसन्या कारणावर हाचिमान कृती करतो, इरोहा इश्शिकीला विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षपदी बसवून मंडळ वाचवितो. पण वाचते ती केवळ खोली. तिघांतील संबंध पोकळ झालेले असतात. नवव्या खंडात, शिक्षिका हिरात्सुका यांच्याशी झालेल्या बोलण्यानंतर, तो डोळ्यांत पाणी आणून ‘अस्सल’ असे काही आपल्याला हवे असल्याचे दोघींना सांगतो, तेव्हा कुठे कथा पुढे सरकते. ते वाक्य कोमाचीच्या नावावर खपविता आले नसते. पुढे युकिनोची थोरली बहीण हारुनो या तिघांच्या नात्याला परस्परावलंबनाचे दूषण देते. ते कठोर आहे, पण त्याची झळ आठव्या खंडातील त्या रात्रीपर्यंत पोहोचते. दुसऱ्यासाठी म्हणून जगण्याची सोय भावाला करून देणे हे रक्षण खरे, परंतु त्याच्या आजाराशी केलेली ती तडजोडही आहे. हारुनो आणि कोमाची ही जोडी या दृष्टीने कादंबरीत फार विचारपूर्वक योजलेली दिसते. थोरली बहीण धाकटीला डिवचून उभी करू पाहते, धाकटी बहीण थोरल्याला सावरून. आणि दोघींचेही उपाय त्यांच्या माणसाला त्याच्या स्वतःच्या शब्दापर्यंत नेऊ शकत नाहीत. दुसऱ्या खंडातील साकी कावासाकी हे याच मालिकेतले तिसरे उदाहरण. घरावर भार नको म्हणून रात्रपाळी करणारी ही थोरली बहीण आपल्या काळजीनेच धाकट्या भावाला काळजीत टाकते.

बाराव्या खंडात, शाळेच्या प्रवेशपरीक्षेनंतर, घरी दोघेच असताना कोमाची भावाचे औपचारिक शब्दांत आभार मानते आणि त्याचे डोळे भरून येतात. लग्नाला निघालेली मुलगी घरच्यांचा निरोप घेते, त्या जपानी रीतीची छाया या प्रसंगावर आहे. ओझू यांच्या ‘बान्शुन’ (१९४९) या चित्रपटातील मुलीने वडिलांपुढे बसून मानलेले आभार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ती सहज ओळखता येईल. येथे कोणाचेच लग्न नाही. राखणदार आपले पद सोडीत आहे. तिने त्याला ज्या घराबाहेर काढले, त्याच घरात तो आता तिची वाट पाहावयास आधी येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. या एका प्रसंगात गुणांची पुस्ती पुरेशी पडत नाही.

एक आक्षेप मात्र नोंदवावयास हवा. चौदा खंडांच्या या विस्तारात कोमाचीला स्वतःसाठी काय हवे आहे, हे वाचकाला जवळजवळ कळतच नाही. ताइशी कावासाकी हा तिचा शिकवणीतील मित्र तिच्या आसपास घोटाळतो, पण तो आला की भावाची चेष्टेखोर अरेरावी सुरू होते आणि तिचे मन झाकलेच राहते. प्रथमपुरुषी निवेदक थोरला भाऊ असल्यामुळे हे घडते, असे समर्थन करता येईल. वेन बूथ यांच्या परिभाषेत हा अविश्वसनीय निवेदक आहे आणि त्याच्या आंधळेपणाचे चित्रण हेच कादंबरीचे काम आहे. पण युकिनोच्या बाबतीत तोच निवेदक नकळत पुष्कळ सांगून जातो. बहिणीच्या बाबतीत त्याचे कुतूहलच संपते, आणि लेखकाचेही. अखेरच्या खंडात ती त्याच शाळेत येते आणि पुन्हा उभ्या राहिलेल्या सेवा मंडळाची प्रमुख होते. दुसऱ्यांच्या अडचणी सोडविण्याचे ते मंडळ. भावाला तिथून सोडवून तिने त्याची जागा स्वतःकडे घेतली आहे. हा सन्मान की बढती मिळालेली तीच जुनी नोकरी, याचे उत्तर कादंबरीत नाही, आणि मंडळाच्या त्या खोलीत कोमाचीसाठी कारण शोधून देणारे कोणी बसलेले दिसत नाही.