लवकर येणारा ‘दुहेरी’ मका : तुलनेचा तक्ता वाचताना

मक्याच्या लवकर येणाऱ्या संकरित वाणांवरचा प्रबंध, प्रात्यक्षिकाचा अहवाल किंवा बियाण्याचं माहितीपत्रक उघडा. तक्ता साधारण एकाच साच्याचा असतो : वाणाचं नाव, पक्वतेचे दिवस, हिरव्या चाऱ्याचं उत्पादन, धान्याचं उत्पादन. खाली निष्कर्ष, की अमुक वाण मुरघास आणि धान्य दोन्हींसाठी उत्तम. माझा आक्षेप असा, की अशा बऱ्याच तक्त्यांत वाणांची तुलना होतच नाही. तुलना होते ती कापणीच्या तारखेची.

आधी ‘हिरवा चारा’ हा रकाना घेऊ. सगळे प्लॉट एकाच दिवशी कापले, तर उशिरा येणारा वाण तेव्हा कोवळा आणि पाणीदार असतो. हिशेबासाठी आकडे धरा : उशिराचा वाण हेक्टरी ५० टन, त्यात शुष्क पदार्थ २४ टक्के, म्हणजे १२ टन. लवकरचा वाण ४० टन, पण शुष्क पदार्थ ३३ टक्के, म्हणजे १३.२ टन. तक्त्यात पहिला जिंकला आणि गाईच्या गव्हाणीत दुसरा. मुरघास किलोवर विकत घेणारा पशुपालक पहिल्या वाणात पाण्याचेच पैसे जास्त मोजतो.

आणि प्रश्न नुसत्या वजनाचा नाही. मुरघासासाठी पूर्ण झाडाचा शुष्क पदार्थ साधारण ३० ते ३५ टक्के हवा. त्याहून बराच ओला मका खड्ड्यात गेला तर रस वाहून जातो, आंबवण बिघडतं, उग्र वास येतो. फार वाळला तर कुट्टी नीट दाबली जात नाही, आत हवा राहते आणि बुरशी धरते. त्यामुळे शुष्क पदार्थाचा आकडा नसेल, तर हिरव्या चाऱ्याच्या रकान्यावरून वाण निवडू नका.

आता ‘पक्वतेचे दिवस’. मका कॅलेंडर बघून वाढत नाही, ऊब साठवून वाढतो. म्हणून ग्रोइंग डिग्री डे काढतात : दिवसाचं कमाल आणि किमान तापमान, त्यांची सरासरी, त्यातून १० वजा. (कमाल ३० च्या वर गेलं तरी ३० च धरतात, किमान १० च्या खाली गेलं तरी १०.) कमाल ३०, किमान २२ असेल तर दिवसाला १६ मिळतात. कमाल २८, किमान १४ असेल तर फक्त ११. खरिपातल्या पहिल्या हवामानात ९० दिवसांत जेवढी ऊब साठते, तेवढीच रब्बीतल्या दुसऱ्या हवामानात साठायला १३१ दिवस लागतील. मग ‘९० दिवसांचा वाण’ म्हणजे कुठला, कुठल्या हंगामात? अमेरिकेत तर बियाण्यावरचे ‘९५ दिवस’ हे पेरणीपासून मोजलेले दिवस नसतातच. तो इतर वाणांशी तुलना करून दिलेला क्रमांक असतो. युरोपातले एफएओ क्रमांकही तसेच तुलनात्मक आहेत. पेरणीची तारीख आणि तापमान दिलेलं नसेल, तर हा रकाना दुसऱ्या गावाला लावू नका.

खरी अडचण ‘दुहेरी’ या शब्दात आहे. धान्यासाठी कणीस लवकर वाळणारा वाण हवा. मुरघासासाठी कणीस भरत असताना पानं हिरवी राहिलेली बरी, म्हणजे कापणीला थोडे जास्त दिवस मिळतात. दाण्यावरची दुधाळ रेषा अर्ध्यावर आली की मुरघासाची कापणी, हा नियम ढोबळ म्हणून ठीक. पण उशिरापर्यंत हिरव्या राहणाऱ्या वाणात रेषा अर्ध्यावर असतानाही ताटं बरीच ओली असू शकतात. म्हणजे एकच नियम सगळ्या वाणांना लावला, तरी तुलना पुन्हा वाकडी होते. धान्यासाठी मात्र दाण्याच्या टोकाशी काळा थर येईपर्यंत थांबावं लागतं, आणि तेव्हाही दाण्यात ३० टक्क्यांच्या आसपास ओल असते.

दुसऱ्या बाजूचंही ऐका. उशिराच्या वाणाला त्याच्या वेळेवर कापलं, तर तो शुष्क पदार्थातही पुढे जाऊ शकतो. लवकरच्या वाणाचा खरा फायदा वाचलेल्या दिवसांत आहे : रब्बीच्या हरभऱ्याला किंवा गव्हाला शेत वेळेवर मोकळं होतं. तो फायदा दाखवायचा तर दोन्ही पिकांचं मिळून उत्पादन मोजावं लागेल. एकट्या मक्याच्या तक्त्यात तो दिसणार नाही.

तुम्ही सिनॉप्सिस लिहीत असाल, तर कापणीचा निकष त्यातच नोंदवा : प्रत्येक वाण त्याच्या त्याच्या शुष्क पदार्थावर कापायचा, तारखेवर नाही. मुरघास आणि धान्य यांसाठी स्वतंत्र प्लॉट ठेवा. कडेच्या ओळी मोजणीतून वगळा. दोन वाणांतला फरक क्रिटिकल डिफरन्सपेक्षा कमी असेल, तर त्यांना पहिला-दुसरा नंबर देऊ नका. आणि एका हंगामाच्या आकड्यांवर ‘शिफारस’ हा शब्द वापरू नका. तुमचा तक्ता वाचून कुणीतरी एकरभर बियाणं घेणार असतं, आणि मुरघास बिघडला तर त्याच्या गोठ्याला वर्षभर चारा विकत घ्यावा लागतो.