अध्यापक हॉग आणि कर्मसिद्धांत

शिष्याच्या कीर्तीमुळें गुरूचें नांव टिकावें यांत गुरूचा गौरव आहे खरा. पण कित्येकदां त्यांत थोडा अन्यायही असतो. आल्फ्रेड जॉर्ज हॉग यांचें नांव आपल्याकडे निघतें तें बहुधा सर्वपल्ली राधाकृष्णन् यांचे अध्यापक म्हणून. वेदान्तांत नीतीला थारा नाहीं, या मिशनरी आक्षेपास उत्तर म्हणून राधाकृष्णन् यांनीं विद्यार्थिदशेंत एक प्रबंध लिहिला. तो १९०८ सालीं प्रसिद्ध झाला. आपले गुरु रागावतील अशी शिष्यास धास्ती होती, आणि गुरूंनीं तर त्याची प्रशंसा केली. ही गोड हकीकत सांगून लोक थांबतात. गुरूचें स्वतःचें म्हणणें काय होतें, हें विचारण्याची तसदी फारसें कोणी घेत नाहीं.

हॉग यांचा जन्म १८७५ सालीं मिसर देशांत, एका स्कॉटिश मिशनरी कुटुंबांत झाला. एडिंबरो येथें त्यांनीं तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. पुढें धर्मशास्त्र शिकूं लागले तों त्यांची श्रद्धाच डळमळली, व तो अभ्यास त्यांनीं सोडून दिला. श्रद्धा हळूहळू परत आली. पण गमावलेली वस्तु पुन्हां हातीं आल्यावर मनुष्य ती जशी निरखून पाहतो, तशी हॉग यांनीं ती जन्मभर निरखली. १९०३ सालीं ते मद्रास ख्रिश्चन कॉलेजांत आले ते धर्मोपदेशकाची दीक्षा न घेतां. अध्यापन हेंच त्यांचें मिशन. १९२८ पासून १९३८ पर्यंत ते तेथील प्राचार्य होते.

त्यांचें खरें महत्त्वाचें पुस्तक ‘कर्म आणि उद्धार’ या विषयावरचें. कॉलेजच्या मासिकांत १९०४-०५ सालीं लेखरूपानें तें आलें, व १९०९ सालीं पुस्तकरूपानें निघालें. त्या काळच्या इतर मिशनरी लेखनाशेजारीं तें ठेवून पाहावें, म्हणजे त्याचें वेगळेपण दिसतें. कर्मसिद्धांताची टवाळी त्यांत नाहीं. जगांत न्याय आहे असें मानण्याचा हा एक उदात्त प्रयत्न आहे, हें हॉग प्रथमच मान्य करतात. त्यांचा आक्षेप त्यापुढचा आहे. प्रत्येक दुःख हें भोगणाराच्याच पूर्वकर्माचें फळ असेल, तर निरपराध मनुष्याचें दुःख म्हणून कांहीं उरतच नाहीं. आणि तें उरलें नाहीं, तर दुसऱ्यासाठीं दुःख सोसण्यालाही अर्थ उरत नाहीं. विश्व हें न्यायकचेरी नव्हे. त्याची व्यवस्था नैतिक आहे, केवळ न्यायालयीन नाहीं, असें त्यांचें म्हणणें. विशेष हें कीं, हेंच शस्त्र त्यांनीं स्वधर्मीयांवरही चालविलें. पापाचा दंड कोणीतरी भरलाच पाहिजे, मग तो ख्रिस्तानें भरला, असें सांगणारा ख्रिस्ती पंडितही त्यांच्या मतें त्याच कचेरींत बसलेला होता.

नीतिशास्त्राच्या वर्गांत हा आक्षेप मीं अनेकदां मांडला आहे, आणि त्याचें उत्तर सोपें नाहीं असेंच मला दरवेळीं वाटलें. तरी हॉग यांच्या मांडणींत एक मोठें न्यून आहे. कर्मसिद्धांत म्हणजेच हिंदु धर्म असें त्यांच्या युक्तिवादांत जवळजवळ होऊन बसतें. नामदेव-तुकोबांचा देव कांहीं जमाखर्चाची चोपडी उघडून बसलेला नाहीं. तो भक्तासाठीं खोळंबतो, राबतो. कर्म आणि कृपा हीं एकाच घरांत कशीं नांदतात, हा आमच्या संतवाङ्मयांतला खरा पेंच आहे, आणि तो हॉग यांच्या पुस्तकांत शोधूनही सांपडत नाहीं. कर्म बांधून ठेवतें तर मनुष्य स्वतंत्र कसा, हा प्रश्न टिळकांनीं ‘गीतारहस्यां’त घेतला आहे, पण तो ग्रंथ १९१५ चा, त्याचा दोष हॉग यांस देतां येणार नाहीं.

हिंदु धर्माची परिपूर्ति ख्रिस्तांत होते, असें फर्क्वार यांनीं १९१३ च्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें. मत दिसावयास उदार होतें, व तें लोकप्रियही झालें. हॉग यांस तें पटलें नाहीं. दोन धर्मांतील साम्यें जुळवीत बसण्यापेक्षां त्यांतला विरोध स्पष्ट करावा, म्हणजे दोन्हीं बाजूंना विचार करावा लागेल, ही त्यांची दृष्टि. मला ती फर्क्वार यांच्या औदार्याहून अधिक आदराची वाटते. ‘तुमचें तें आमच्यांत आलेंच आहे’ असें म्हणणारा पाहुणा घर आपलेंच समजूं लागतो!

पण विरोध दाखविणारा हाच मनुष्य १९३८ सालीं दुसऱ्या बाजूस उभा राहिलेला दिसतो. तांबरम् येथें त्या वर्षाअखेर मिशनांची जागतिक परिषद भरली. तिच्यासाठीं डच पंडित हेंड्रिक क्रेमर यांनीं ग्रंथ लिहून ख्रिस्ती प्रकटीकरण आणि इतर धर्म यांमध्यें खोल दरी दाखविली. त्यास हॉग यांनीं विरोध केला. धर्ममतें निराळीं आणि श्रद्धा निराळी, असा भेद करून, ख्रिस्तेतर श्रद्धेलाही ईश्वर खरोखर भेटतो, असें त्यांनीं लिहिलें. पस्तीस वर्षें ज्यानें हिंदु मुलें समोर बसवून शिकविलें, त्याला याहून निराळें कसें लिहवलें असतें?

हॉग १९५४ सालीं वारले. त्यांचें कर्मावरील पुस्तक आणि शिष्याचा तो प्रबंध, हीं दोन्हीं एकाच वर्गांत समोरासमोर ठेवून शिकवावीं अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. आमच्या अभ्यासक्रमांत दोहोंपैकीं एकही नाहीं.