वास्तुछायाचित्रण, कृष्णधवल

वास्तूचे घनाकार, पृष्ठे व अवकाश यांचे काळ्या, पांढऱ्या व करड्या छटांतून घडविलेले चित्रण. रंगाचा आधार नसल्याने अशा चित्राची भाववृत्ती मुख्यतः कॅमेऱ्याचा कोन आणि उजळ-गडद छटांमधील विरोध यांवर अवलंबून असते. समोरून व डोळ्याच्या उंचीवरून टिपलेली वास्तू स्थिर आणि प्रमाणबद्ध दिसते. कॅमेरा वर रोखल्यास उभ्या रेषा माथ्याकडे एकवटतात व तीच वास्तू भव्य, क्वचित दडपून टाकणारी भासते. तीव्र विरोधाने गूढता वा कठोरता, तर सौम्य छटांनी शांतता सूचित होते.

महाराष्ट्रात या चित्रणाची परंपरा जुनी आहे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. जेम्स फर्ग्युसन यांच्या द रॉक-कट टेंपल्स ऑफ इंडिया (१८६४) या ग्रंथात मेजर रॉबर्ट गिल यांची लेण्यांची छायाचित्रे आहेत. तत्कालीन ओल्या कलोडियन काचा निळ्या प्रकाशास विशेष संवेदनशील असल्याने आकाश कोरे पांढरे उमटे व त्यापुढे खडक अधिकच काळा दिसे. त्या काळच्या चित्रांतील निर्जन गांभीर्य काही अंशी या रसायनाचीच देणगी होय.

नाशिक रोड स्थानकाच्या पश्चिमेस सु. १० किमी.वरील पांडवलेणी या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. त्रिरश्मी डोंगराच्या उत्तर बाजूस कोरलेल्या या लेण्यांत थेट ऊन फारसे शिरत नाही. दर्शनी स्तंभांवर मंद उजेड आणि आत दाट काळोख असतो. हा काळोख छपाईत आणखी गडद केल्यास चित्र नाट्यपूर्ण होते, परंतु भिक्षूंच्या निवासाच्या खोल्या, तसेच ओसरीच्या भिंतींवरील गौतमी बलश्री (लेणे क्र. ३) व उषवदात (लेणे क्र. १०) यांचे कोरीव लेख त्यात लुप्त होतात. समोरून टाकलेला झगझगीत प्रकाश अक्षरे सपाट करतो. भिंतीलगत तिरपा टाकलेला प्रकाश मात्र त्यांच्या खाचांत सावली भरून ती वाचनीय करतो. लेणे क्र. ३ चा दर्शनी भाग तोलून धरणारे यक्ष वरून पाहता केवळ अलंकरण वाटतात. खालच्या कोनातून त्यांच्यावरील भार जाणवतो. येथे कोनामुळे शिल्पकाराचा हेतूच प्रकट होतो, तर अतिरिक्त काळोख निवासी विहाराला गूढ गुहेचे रूप देतो. म्हणून भाववृत्ती किती प्रभावी आहे यापेक्षा ती वास्तूच्या रचनेतून व प्रयोजनातून उद्‌भवली आहे काय, हाच अशा चित्राच्या मूल्यमापनाचा निकष ठरतो.