झेवियरची रौप्यमंजूषा व तिचें नक्षीकाम

जुन्या गोव्यांतील बॉम जेझस मंदिरांत संत फ्रान्सिस झेवियर याचा देह ज्या रुप्याच्या मंजूषेंत ठेविलेला आहे, तिचें वर्णन बहुधा तिच्याखालील संगमरवरी समाधीच्या वर्णनांतच उरकण्यांत येतें. हा प्रघात आम्हांस गैर वाटतो.

झेवियर इ. स. १५५२ च्या डिसेंबरांत चीनच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर वारला, १५५४ त त्याचा देह गोव्यास आला, व १६२२ त त्यास संतपद मिळालें. पुढें १६३६-३७ त गोव्याच्या सोनारांनीं ही मंजूषा घडविली. योजना मार्चेल्लो मास्त्रिली या इटालियन जेझुइटाची होती. चारी बाजूंस मिळून ३२ पत्रे असून त्यांवर संतचरित्रांतील प्रसंग उठावाच्या कामानें दाखविले आहेत.

काल सतराव्या शतकाचा असला, तरी कल्पना ख्रिस्ती मध्ययुगाची आहे. कोलोन येथील तीन राजांची मंजूषा (सुमारे ११८०-१२२५) देवालयाच्या आकाराची असून तिच्या लांब बाजूंवर द्रष्टे व प्रेषित ओळीनें बसविलेले आहेत. आंतील अवशेष झांकलेले. म्हणून त्यांचा महिमा बाहेरील नक्षीनें सांगावयाचा, हें या कलेचें मर्म होय. आपल्याकडील धातुकरंडकांशीं ताडून पाहतां हें अधिक स्पष्ट होतें. सोपाऱ्याच्या स्तूपांत भगवानलाल इंद्रजी यांस १८८२ त दगडी पेटी सांपडली. तींत तांब्याचा, रुप्याचा, पाषाणाचा, स्फटिकाचा व सोन्याचा असे करंडक एकांत एक होते. ते कोणीं पाहावे असा उद्देशच नव्हता; ते स्तूपाच्या गर्भांत कायमचे पुरले गेले. बौद्धांनीं कथा कोरली ती सांचीसारख्या ठिकाणीं बाहेर, तोरणांवर. सारांश, यात्रेकरूची दृष्टि जेथें पोंचते तेथें कथा असावी, हा नियम दोहोंकडे सारखाच आहे.

गोव्यांत हा नियम १६९८ त मोडला. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो यानें पाठविलेली, फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीनें घडविलेली समाधि त्या वर्षीं उभी राहिली, आणि मंजूषा तिच्या माथ्यावर चढली. त्या योगें स्थळास भव्यता आली, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु खालचे चार ब्राँझचे पट भाविकास सहज वाचतां येतात, आणि जवळून वाचण्याकरितां घडविलेले रुप्याचे पत्रे उंचीवरील नुसती चकाकी होऊन बसले. ठराविक वर्षांनीं होणाऱ्या दर्शनोत्सवानें ही उणीव भरून निघते असें कोणी म्हणेल. पण त्या प्रसंगीं, नुकताच २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत झाला त्याप्रमाणें, लोक देहाच्या दर्शनास जातात. पत्र्यांवरील कामाकडे लक्ष कोण देणार?

मंजूषा खालीं आणावी असें आमचें म्हणणें नाहीं. प्रत्येक पत्र्याचें स्वच्छ छायाचित्र, प्रसंगाचा निर्णय व कारागिरीची चिकित्सा मराठींत छापावी, एवढीच आमची सूचना आहे. मास्त्रिली व फोज्जिनी यांचीं नांवें सर्वत्र येतात. ज्यांच्या हातून रुपें घडलें त्यांस ‘गोव्याचे सोनार’ एवढ्यावरच बोळविण्यांत येतें. ज्या गांवाच्या नांवांतच कासार आहे अशा कासारवाडींत बसून लिहितांना ही गोष्ट आम्हांस विशेष बोंचते. कारागिरांचीं नांवें हातीं लागोत वा न लागोत, त्यांचें काम तरी पत्र्यागणिक वाचलें जावें.