डोंगराचे नाव, खाडीची माणसे

मुंबई दूरदर्शन केंद्राला २ ऑक्टोबर २०२२ रोजी ५० वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने जुन्या कार्यक्रमांच्या आठवणी पुष्कळ लिहिल्या-बोलल्या गेल्या. ‘गजरा’, ‘चिमणराव’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ ही नावे निघाली की आमच्या पिढीचे मन हळवे होते, हे खरेच. परंतु आठवणींनी गहिवरणे म्हणजे समीक्षा नव्हे. आम्हांला येथे एक साधा प्रश्न विचारावयाचा आहे. मराठी मुलखाची संस्कृती, निसर्ग, खानपान आणि समाज दाखविण्याचे काम ज्या सरकारी वाहिनीने पत्करले, तिने आमच्या ठाणे जिल्ह्यातील खाडीकाठचा माणूस कसा दाखविला?

प्रश्न मोघम राहू नये म्हणून कोपरचेच उदाहरण घेऊ. दिवा आणि डोंबिवली यांच्यामधले हे स्थानक. पूर्वेला आणि पश्चिमेला इमारतींची दाटी. पण गाडी दिव्याकडे निघाली की पश्चिमेच्या खिडकीतून तिवरांचा पट्टा आणि त्यापलीकडे उल्हास नदीची खाडी दिसते. या परिसरातील आगरी वस्ती इमारतींहून कितीतरी जुनी. भातशेती, मासेमारी आणि आगर, म्हणजे मिठागर, यांवर हा समाज जगला. त्याचे नावही ‘आगर’ या शब्दावरूनच पडले असे मानतात. वरळीच्या मनोऱ्यापासून हे सारे ५० किलोमीटरच्या आत आहे. कॅमेरा घेऊन सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला परत जाऊ शकेल!

दूरदर्शनला माणसे दाखविता येत नव्हती असे आम्ही म्हणणार नाही. ‘आमची माती आमची माणसं’ या कार्यक्रमाचे नावच पाहा. त्यात शेतकरी आपल्या बोलीत, आपल्या गतीने बोलत असे. अडखळला तरी निवेदक त्याचे वाक्य पुरे करण्याची घाई करीत नसे. आकाशानंदांच्या ‘ज्ञानदीप’ने तर त्याहून मोठे काम केले. कार्यक्रम पाहणाऱ्यांनी गावोगावी ज्ञानदीप मंडळे काढली. प्रेक्षक हा नुसता पाहणारा नसून करणारा आहे, ही जाण त्या कार्यक्रमामागे होती.

पुढे काय झाले, ते थोडक्यात सांगण्यासारखे आहे. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि रात्रीची मोलाची वेळ प्रादेशिक केंद्रांच्या हातून गेली. १९९४ साली मराठीसाठी उपग्रह वाहिनी मिळाली; ५ एप्रिल २००० रोजी तिचे ‘सह्याद्री’ असे नामकरण झाले. तोवर खाजगी मराठी वाहिन्या आल्या होत्या आणि सरकारी वाहिनी त्यांच्यासारखी दिसण्याच्या खटपटीला लागली. नावाविषयी आमची तक्रार नाही. सह्याद्री कोणाला नको आहे? तरीही डोंगराचे नाव धारण करणाऱ्या या वाहिनीची पाठ कोकणपट्टीच्या खाऱ्या पाण्याकडे राहिली, असे आम्हांला अनेकदा वाटले आहे.

खाडीकाठचा माणूस पडद्यावर येतो तो बहुधा नाचण्यासाठी. ठेक्याचे गाणे, रंगीत लुगडी, हातांत वल्ही, मागे नारळाच्या झाडांचे नेपथ्य. ही गाणी खोटी नाहीत. पण त्याच आगरी समाजात धवलारीण आहे. ती लग्नाच्या प्रत्येक विधीला धवले गाते. पूर्वी लग्न लावणारीही तीच असे. एक स्त्री पुरोहिताचे काम करते आणि तिचे सारे शास्त्र तिला मुखोद्गत असते, ही गोष्ट मराठी समाजाच्या इतिहासात केवढी मोलाची! धवला मात्र तीन मिनिटांत आटोपत नाही, त्यावर टाळ्या पडत नाहीत आणि त्याची बोली शहरी कानाला चटकन उलगडत नाही. म्हणून समूहनृत्याला जागा मिळते आणि धवलारीण मांडवातच राहते. तिचा गळा थांबला की ते धवले कोणत्या पुस्तकातून काढणार?

निसर्गाच्या बाबतीतही निवड अशीच. ठाणे खाडीला २०२२ साली रामसर यादीत स्थान मिळाले, तेव्हा सर्वत्र रोहित पक्ष्यांची गुलाबी चित्रे झळकली. पक्षी सुंदर आहेत, यात वाद नाही. पण चिखलावर सरपटणारी निवटी, तिवरांच्या मुळांत दडणारी चिंबोरी, भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ असलेला मासेमार आणि वाळूउपशाने खचलेला काठ यांवाचून खाडीचे चित्र पुरे होत नाही. खाद्यकृतींच्या कार्यक्रमात निवटीचे कालवण आले तरी ती पकडायची कशी, आणि आता ती मिळेनाशी का झाली, हे स्टुडिओतल्या शेगडीपाशी कोण विचारणार?

आम्हा मराठी ख्रिस्ती कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. कोपरच्या वरच्या फलाटावरून भिवंडी, कामण, जूचंद्र करीत गाडी वसईला जाते. त्या टोकाला सामवेदी बोली बोलणारे, केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या राखलेले आमचे बांधव आहेत. पडद्याला त्यांची आठवण होते ती नाताळच्या सुमारास: गायनवृंद, गोठा, केक. उरलेले अकरा महिने ते मराठी समाजाचे कोणीच नसतात काय?

यावर पैशांचे आणि प्रेक्षकसंख्येचे उत्तर ठरलेले आहे. आम्हांला ते पटत नाही. गुजरातमधील खेडा जिल्ह्यात, पीज या गावच्या लहानशा प्रक्षेपकावरून, १९७५ पासून इस्रोच्या मंडळींनी गावकऱ्यांना सोबत घेऊन जातिभेद आणि मजुरी यांसारख्या अवघड विषयांवर कार्यक्रम केले. १९८४ साली त्या प्रयोगाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. जाहिरातदार ज्याला पैसे देणार नाही ते दाखविण्यासाठीच तर जनतेच्या पैशांवर चालणारी वाहिनी असते.

आमची अपेक्षा मोठी नाही. कोपर ते वसई या पट्ट्यातील एका धवलारणीचे सगळे धवले, विधींच्या क्रमाने, मध्ये न कापता चित्रित करावेत. तिच्या बोलीवर दुसऱ्याचा आवाज चढवू नये; खाली प्रमाण मराठीत ओळी दिल्या म्हणजे पुरे. आणि ती फीत जपावी. दूरदर्शनच्या आरंभीच्या काळात फिती महाग म्हणून जुने पुसून त्यांवरच नवे मुद्रित करीत, आणि कित्येक थोरांचे आवाज तसेच गेले. आता फितीचा खर्च हे कारण उरलेले नाही.