कॉन्स्टॅन्टिनोपल ते कालिकत : एका रूढ कार्यकारणभावाची चिकित्सा

प्रास्ताविक

जगाच्या इतिहासाच्या पदवीस्तरीय अध्यापनात काही विधाने इतकी रुळलेली आहेत की, ती प्रथम कोणी आणि कशाच्या आधारे केली हे विचारण्याची गरजच कोणास वाटत नाही. इ. स. १४५३ मध्ये ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल जिंकले, त्यामुळे युरोपचा पूर्वेकडील व्यापारी मार्ग बंद झाला आणि परिणामी युरोपीयांना नव्या सागरी मार्गाचा शोध घेणे भाग पडले, हे अशा विधानांपैकी अग्रगण्य होय. मराठीतील अनेक क्रमिक पुस्तकांत, मार्गदर्शिकांत आणि स्पर्धापरीक्षांच्या टिपणांत ते आढळते. 'भौगोलिक शोधांची कारणे स्पष्ट करा' या प्रश्नाच्या उत्तरात पहिला मुद्दा बहुधा हाच असतो व त्यास गुणही मिळतात. उत्तरमध्ययुगीन व आरंभीच्या आधुनिक कालखंडाच्या अभ्यासाचे प्रवेशद्वारच या वाक्याने उभारलेले असल्यामुळे त्याची चिकित्सा करणे हा केवळ तपशिलाच्या दुरुस्तीचा प्रश्न राहत नाही.

कालक्रमाची साक्ष

कारण हे कार्याच्या आधी असावे लागते. पोर्तुगीजांनी सेउटा घेतले ते १४१५ मध्ये. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बोजादोर भूशिर त्यांनी १४३४ मध्ये ओलांडले. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांची मोठी विक्री पोर्तुगालमधील लागुश येथे १४४४ मध्ये झाली. मादेइरा बेटावर वसाहत होऊन तेथे उसाची लागवडही सुरू झाली होती. म्हणजे ज्या सागरी विस्ताराचे कारण १४५३ ची घटना म्हणून सांगितले जाते, तो त्या घटनेपूर्वी सुमारे चार दशके सुरू होता आणि त्याच्या प्रेरणा सोने, साखर, गुलाम, धर्मयुद्धाची आकांक्षा व 'प्रेस्टर जॉन' या कल्पित ख्रिस्ती राजाचा शोध अशा संमिश्र होत्या. मिरी या यादीत पुष्कळ उशिरा येते.

दुसरा आक्षेप भूगोलाचा आहे. भारतातील मसाल्याचे पदार्थ पंधराव्या शतकात भूमध्य समुद्रापर्यंत पोहोचत ते प्रामुख्याने तांबड्या समुद्रातून, कैरो व अलेक्झांड्रिया मार्गे. तसेच सीरियातील बाजारपेठांतून. हा प्रदेश ऑटोमनांच्या ताब्यात नव्हता. तेथे मामलुक सुलतानांची सत्ता होती आणि ती संपुष्टात आली १५१७ मध्ये, म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोहोचल्यानंतर एकोणीस वर्षांनी. व्हेनिसचे व्यापारी या सर्व काळात अलेक्झांड्रियात मिरी विकत घेत होते. खुद्द ऑटोमनांशीही व्हेनिसने १४५४ मध्ये, कॉन्स्टॅन्टिनोपल पडून वर्ष उलटण्याच्या आत, व्यापारी करार केला होता. शहर जिंकणाऱ्या सुलतानालाही जकात हवीच होती.

हे आक्षेप नवे नाहीत, ही या प्रकरणातील खेदाची बाब. ए. एच. लायबायर या अमेरिकन अभ्यासकाने १९१५ मध्येच एका निबंधाद्वारे तुर्कांनी व्यापारी मार्ग अडविल्याची कल्पना निराधार असल्याचे दाखविले होते. १४५३ नंतरच्या दशकांत मसाल्यांच्या किमती युरोपात चढल्याचा पुरावा मिळत नाही, हा त्याच्या युक्तिवादातील एक मुद्दा. पुढे फ्रेडरिक लेन याने व्हेनिसच्या मसाला व्यापाराचा अभ्यास करून असे दाखविले की, पोर्तुगीजांच्या आगमनामुळे आरंभी विस्कळीत झालेला तांबड्या समुद्राचा मार्ग सोळाव्या शतकाच्या मध्यास पुन्हा भरभराटीस आला. म्हणजे जो मार्ग 'बंद' झाला म्हणून नवा मार्ग शोधावा लागला, तो नवा मार्ग सापडल्यानंतर अर्धशतकानेही चालूच होता. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी खोडून काढलेले विधान अद्याप पाठ्यपुस्तकात टिकून असेल, तर दोष संशोधनाच्या अभावाचा मानता येत नाही.

अर्थात, प्रतिवाद करताना १४५३ ला सर्वस्वी निरर्थक ठरविणेही योग्य नाही. ऑटोमन सत्तेचा खरा फटका बसला तो जिनोआला. काळ्या समुद्रातील तिचे काफा हे ठाणे १४७५ मध्ये गेले. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील फोसिया येथील तुरटीचा व्यवसाय त्याही आधी हातचा गेला होता. तुरटी ही वस्त्ररंगणासाठी अत्यावश्यक वस्तू असल्याने ही हानी लहान नव्हती. पूर्वेकडे संकोच झालेले जिनोआचे भांडवल व नाविक कौशल्य इबेरियाकडे वळले, असे काही अभ्यासकांचे प्रतिपादन आहे आणि ते विचारार्ह आहे. परंतु हा संबंध अप्रत्यक्ष असून त्याचा मसाल्यांच्या मार्गाशी फारसा संबंध नाही. कॉन्स्टॅन्टिनोपलच्या पाडावामुळे ग्रीक पंडित इटलीत पळून गेले व त्यामुळे प्रबोधन घडले, या दुसऱ्या रूढ विधानाविषयी तर एवढेच नोंदविणे पुरे की, मॅन्युएल क्रिसोलोरास फ्लॉरेन्समध्ये १३९७ पासून ग्रीक शिकवीत होता आणि पेत्रार्क १३७४ मध्येच निवर्तला होता.

'बंद' मार्गावरील प्रवासी

कालक्रम आणि भूगोल यांपेक्षाही बोलकी साक्ष प्रत्यक्ष माणसांची आहे. १४७० च्या सुमारास त्व्हेर येथील अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी इराणमार्गे होर्मुझला आला आणि तेथून जहाजाने कोकणातील चौल बंदरात उतरला. विकण्यासाठी त्याने एक घोडा सोबत आणला होता. जुन्नर येथे बहामनी अधिकाऱ्याने तो घोडा काढून घेतला व धर्मांतराची अट घातली. पुढे मध्यस्थीने घोडा परत मिळाला. त्याच्या प्रवासवृत्तात लूटमार आहे, जकातीची कुरकुर आहे, उपासतापास आहेत. मात्र मार्ग बंद असल्याचे कोठेही दिसत नाही.

पेरो द कोविल्याँ याचे उदाहरण तर पाठ्यपुस्तकातील विधानास थेट छेद देणारे आहे. पोर्तुगालच्या राजाने त्याला १४८७ मध्ये पूर्वेकडील व्यापाराची माहिती काढण्यासाठी पाठविले. व्यापाऱ्याच्या वेशात तो अलेक्झांड्रिया, कैरो, एडन या मार्गाने निघाला आणि कण्णूर, कालिकत, गोवा ही बंदरे पाहून होर्मुझला गेला. कॉन्स्टॅन्टिनोपल पडून तेव्हा तीन दशके लोटली होती. ज्या राजदरबाराला मार्ग बंद झाल्यामुळे समुद्रात उतरावे लागले असे सांगितले जाते, त्याच दरबाराचा हेर त्याच मार्गाने येऊन गोव्याचे बंदर पाहून गेला. आणि १४९८ च्या मे महिन्यात द गामाने कालिकतच्या किनाऱ्यावर आपला पहिला माणूस उतरविला, तेव्हा त्याची गाठ कोणाशी पडावी? कॅस्टिलियन व जिनोव्हीज भाषा बोलणाऱ्या ट्युनिसच्या दोन मुसलमान व्यापाऱ्यांशी. तुम्ही येथे कसे आलात, असा त्यांचा त्रासिक सवाल होता. भूमध्य समुद्राकाठची माणसे तेथे आधीच हजर होती. त्यांच्या दृष्टीने नवलाचे होते ते आफ्रिकेला वळसा घालून येणे.

कालिकतचा दृष्टिकोन

येथे के. एम. पणिक्कर यांच्या १९५३ मधील 'एशिया अँड वेस्टर्न डॉमिनन्स' या ग्रंथाचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. १४९८ ते १९४५ हा कालखंड त्यांनी आशियाच्या इतिहासातील 'वास्को द गामा युग' म्हणून मांडला. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाच्या मुत्सद्द्याने साम्राज्यवादाचा हिशेब मांडावा, हे त्या काळी स्वाभाविक होते आणि त्या ग्रंथाचे ऋण भारतीय इतिहासलेखनावर आहे. तथापि, साडेचार शतकांच्या आशियाला एका पोर्तुगीज कप्तानाचे नाव देताना पणिक्करांनी युरोपकेंद्री कालगणना जशीच्या तशी स्वीकारली; फक्त तिचे मूल्यमापन उलटे केले. नायकाचा खलनायक झाला, रंगमंच तोच राहिला. डच अभ्यासक जे. सी. व्हान लूर याने त्यापूर्वीच, आशियाचा इतिहास युरोपीय जहाजाच्या डेकवरून पाहण्याच्या सवयीवर टीका केली होती. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली त्याचा मृत्यू झाला व त्याचे लेखन इंग्रजीत १९५५ मध्ये आले. राष्ट्रवादी पणिक्करांपेक्षा साम्राज्यवादी देशात जन्मलेला हा तरुण डेकवरून अधिक खाली उतरला, असे म्हणावे लागते.

डेकवरून उतरल्यास काय दिसते? मा हुआन हा चेंग हचा सहप्रवासी कालिकतच्या व्यापाराचे वर्णन करताना तेथील लोक हातापायांच्या वीस बोटांवर हिशेब करतात आणि त्यात चूक होत नाही, असे आश्चर्याने नोंदवितो. हातात हात देऊन भाव ठरला की तो बदलत नसे. हेरातहून १४४२ मध्ये आलेला अब्दुर रज्जाक या शहरातील मालाच्या सुरक्षिततेची वाखाणणी करतो. अशा बंदरात द गामाने सामुतिरीसाठी भेट म्हणून काढले ते कापडाचे बारा तुकडे, टोप्या, पोवळ्याच्या माळा, हात धुण्याची भांडी, साखर, तेल आणि मध. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीही याहून अधिक देतो, असे सांगून राजाच्या अधिकाऱ्यांनी ती हसण्यावारी नेली. हे वर्णन पोर्तुगीज रोजनिशीतच आहे, हे विशेष.

या सफरीतील वाटाड्याची कथाही याच संदर्भात तपासण्याजोगी आहे. मालिंदीहून द गामाला कालिकतला आणणारा वाटाड्या म्हणजे प्रख्यात अरब नौकानयनशास्त्रज्ञ अहमद इब्न माजिद, हे विधान अनेक ठिकाणी निःशंकपणे केलेले आढळते. त्याचा आधार मक्केतील कुत्बुद्दीन अल्-नहरवाली याने सुमारे पाऊणशे वर्षांनी लिहिलेला वृत्तांत हा असून, त्यातही इब्न माजिदने नशेत मार्ग सांगितला, असा आरोप आहे. पोर्तुगीज साधने मात्र वाटाड्या गुजराती असल्याचे सांगतात. त्याचे 'मालेमो काना' किंवा 'कानाका' हे जे नाव येते, ते नावच नव्हे. 'मुअल्लिम' आणि 'गणक' या व्यवसायवाचक पदव्यांचा तो अपभ्रंश असावा. जी. आर. टिबेट्स यांनी १९७१ मध्ये इब्न माजिदच्या ग्रंथांचे संपादन-भाषांतर करताना ही ओळख नाकारली आहे. तरीही कथा टिकली, कारण ती सर्वांच्या सोयीची होती : युरोपला तिच्यात नियतीचा संकेत दिसला, तर इतरांना विश्वासघाताची शोकांतिका. अनामिक गुजराती गणकात मात्र कोणालाच रस नव्हता. परतीच्या प्रवासात त्याच्यासारख्याचे ज्ञान न मिळाल्याची किंमत पोर्तुगीजांनी मोजली. मोसम उलटण्याची वाट न पाहता निघाल्यामुळे, येताना सुमारे तेवीस दिवसांत पार झालेल्या अरबी समुद्राला जाताना तीन महिन्यांना तीन दिवस कमी लागले आणि या टप्प्यावर तीसच्या आसपास खलाशी दगावले.

याचा अर्थ १४९८ मध्ये नवे काही घडलेच नाही, असा काढणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. समुद्र ही राजसत्तेची मालमत्ता मानून 'कार्ताझ' नामक परवान्याविना फिरणारी जहाजे पकडणे, ही या पाण्यातील व्यापाऱ्यांना अपरिचित अशी जबरदस्ती होती. १५०२ मध्ये द गामानेच हज यात्रेकरूंनी भरलेले जहाज लुटून जाळले. आंद्रे गुंडर फ्रँक यांच्या १९९८ मधील 'रिओरिएंट' या ग्रंथात चांदीच्या प्रवाहाच्या आधारे आशियाचे केंद्रस्थान सिद्ध करण्याच्या भरात ही हिंसा पार्श्वभूमीत जाते. १५४५ मध्ये सापडलेल्या पोतोसीच्या खाणींतील चांदी अखेर चीन व हिंदुस्थानात येऊन विसावली, हे खरे. पण ती खणून काढणाऱ्या अँडीजमधील मजुरांच्या दृष्टीने केंद्र आशियात होते की युरोपात, याने काही फरक पडत नव्हता.

मराठी साधनांचा प्रश्न

१४५३ च्या विधानाचे आपल्या वर्गांतील परिणाम अधिक गंभीर आहेत. 'तुर्कांनी वाट अडविली' हे वाक्य ऐकणारा विद्यार्थी नकळत असे गृहीत धरतो की, इस्लामी सत्ता व व्यापार यांचे वैर होते. हिंदू राजाच्या आश्रयाने मुसलमान व्यापारी ज्या कालिकतचा कारभार भरभराटीस आणत होते, ते कालिकत या गृहीतकात बसत नाही. चौल, दाभोळ ही कोकणातील बंदरेही बसत नाहीत. वस्तुतः या काळाचा जागतिक संदर्भ मराठी साधनांतच विपुल आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त टोपीकर हे केवळ सावकार नसून राज्यकर्त्यांचे प्रतिनिधी आहेत, याची स्पष्ट जाणीव असून आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाची तोड कशी करावी, येथपर्यंत विचार आहे. कान्होजी आंग्रे यांनी समुद्रावर आपले दस्तक सक्तीचे केले, ते पोर्तुगीजांच्या कार्ताझचेच प्रत्युत्तर होते. असे असूनही 'मराठ्यांचा इतिहास' आणि 'आधुनिक जगाचा इतिहास' या दोन प्रश्नपत्रिका एकमेकींस ओळख दाखवीत नाहीत.

पांडुरंग पिसुर्लेकर यांनी गोव्याच्या दप्तरखान्यातील कागदपत्रांच्या आधारे 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ सिद्ध केला, तो १९६७ मध्ये प्रकाशित झाला. त्या दप्तरातील लिस्बन व गोवा यांच्यातील पत्रव्यवहाराच्या बाडांना पोर्तुगीज भाषेत 'मोंसोंइश', म्हणजे मोसमांची पुस्तके असे नाव आहे. कारण राजाची पत्रे घेऊन येणारी जहाजे मोसमी वाऱ्यांवर अवलंबून असत. 'मोंसांव' हा शब्द अरबी 'मौसिम'पासून आला आणि मराठीतील 'मोसम'ही तेथूनच आला. शिवकालीन कोकणच्या हालचाली लिस्बनला कळत त्या याच बाडांतील पत्रांतून, आणि उत्तर येण्यास पुढच्या वर्षीच्या वाऱ्याची वाट पाहावी लागे.